आयात बंद केली की देश स्वयंपूर्ण होतो का? आमच्या आईची बेगमी आणि श्रीलंकेचं भात

खानापूरच्या माझ्या मावसभावाचा पोरगा बेळगावात खोली करून केपीएससीचा, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा, अभ्यास करतोय. त्यानं परवा रात्री अकराला भला मोठा मेसेज टाकला, की काका, तुम्ही श्रीलंकेत भाताच्या बियाण्याच्या कामावर होता ना, मग सांगा, छोट्या गरीब देशानं आयात बंद करून सगळं अन्न घरीच पिकवायचं ठरवलं तर त्यात वाईट काय, डॉलर वाचतात, शेतकऱ्याला भाव मिळतो, मग त्यांची माशी शिंकली कुठं?

फोनवर सांगायला बसलो असतो तर अर्धा तास गेला असता आणि तुझ्या डोक्यात अर्धंच राहिलं असतं, म्हणून लिहितोय. लांबेल. चहा घेऊन बस.

आधी आमच्या आईचं सांगतो. आमचं घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला, मलप्रभा उगवते तिथं. तिकडचा पाऊस तुला काय सांगायचा, एकदा लागला की ओढे भरायचे आणि बस आठ-आठ दिवस यायची नाही. त्यामुळं मे संपायच्या आत आईची बेगमी झालेली असायची. भात शेणानं सारवलेल्या कणगीत, नाचणी डब्यात, कुळीथ मडक्यात. हे घरचं. मग बेळगावच्या बाजारातनं गोणभर मीठ, मिरची, सुके बांगडे, गुळाची ढेप, रॉकेलचा डबा, काड्यापेट्या. आणि बियाण्याचं भात वेगळं, गवताच्या मुड्यात बांधून आढ्याला टांगलेलं, त्याला उपाशी राहिलो तरी हात लावायचा नाही. आता बघ, आई कधी असं म्हणाली नाही की मीठ पण परसातच पिकवूया. तिचा हिशोब सरळ होता, घरात काय येतं, बाहेरून काय आणावंच लागतं, आणि वाट किती दिवस बंद राहील.

छोट्या देशाचं अन्नधोरण म्हणजे हेच, फक्त कणगी मोठी. पण मंत्री लोक आणि तुमची गाईडं एकच आकडा धरून बसतात, स्वयंपूर्णता अमुक टक्के. तो काढतात कसा, तर देशात पिकलं किती भागिले देशात लागलं किती. तांदळात हा आकडा शंभराच्या आसपास आला की ढोल-ताशे. ते पीक उभं करायला बाहेरून काय-काय आलं हे त्या आकड्यात कुठंच दिसत नाही, आणि श्रीलंकेत नेमकं तिथंच सगळं बिनसलं.

श्रीलंका म्हणजे सव्वादोन कोटीच्या आत माणसं, ६५,६१० चौरस किलोमीटर. त्यांचे भाताचे दोन हंगाम, मोठा तो महा, साधारण सप्टेंबर ते मार्च, आणि उन्हाळ्याकडचा तो ‘यल’. मी होतो अनुराधापूरकडं. तिथली जुनी तळी बघून मी पहिले चार दिवस कामच केलं नाही म्हटलं तरी चालेल, एका तळ्याच्या सांडव्याचं पाणी खालच्या तळ्यात, त्याचं त्याच्या खालच्या, अशी माळच्या माळ, हजार-दोन हजार वर्षांची. भात पिकवणं या लोकांना कुणी शिकवायला नको. बथलगोडाच्या त्यांच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या बीजी नावाच्या जाती, तीन-साडेतीन महिन्यांत येणाऱ्या, बुटक्या, न लोळणाऱ्या. चांगल्या वर्षी देश तांदळात स्वयंपूर्ण किंवा त्याच्या अगदी जवळ असायचा. पण युरिया सगळा जहाजानं येणारा. गंमत म्हणजे अनुराधापूरजवळच एप्पावलला फॉस्फेटचा दगड निघतो, पण तो पाण्यात लवकर विरघळत नाही, चहा-नारळासारख्या वर्षानुवर्षं उभ्या पिकाला चालतो, तीन महिन्यांच्या भाताला त्याचा उपयोग नाही.

२०१९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे यांनी दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडं जायचं आश्वासन दिलं होतं. दहा वर्षं म्हणजे बोलण्यासारखी गोष्ट होती. पण त्याच वर्षी ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, पर्यटन बसलं, सत्तेवर आल्याबरोबर त्यांनी टॅक्स कापले, मग कोविड आला, आणि तिजोरीत डॉलर राहिना. एप्रिल २०२१ ला जाहीर केलं आणि मे महिन्यात रासायनिक खताची आयात बंद. दहा वर्षांचं काम एका हंगामात. नाव सेंद्रियचं होतं, पण माझं मत विचारशील तर त्यात डॉलर वाचवायची घाई जास्त होती.

आता तू सेंद्रियवाला असशील तर मला शिव्या घालू नकोस, आधी गणित कर. एकरी अठरा-वीस क्विंटल भात काढायचं तर अंदाजे ४० किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, लागतं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ८७ किलो युरिया, आपली ४५ किलोची दोन पोती, सायकलवर पण नेशील. तेच नत्र शेणखतातनं द्यायचं तर शेणखतात ते अर्धा टक्का, म्हणजे आठ टन, तीन-चार ट्रॉल्या एका एकराला, आणि त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला लागू होणार फार तर तिसरा हिस्सा, बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू. ज्या जमिनीत दहा वर्षं शेणखत, ताग-धैंचा पडलाय तिथं हे जमतं, मी स्वतः करून बघितलंय. पण लाखो एकरांना एका पावसात एवढं खत आणायचं कुठनं? तेवढी जनावरं देशात नव्हती. चीनमधून सेंद्रिय खताचं जहाज मागवलं, हिप्पो स्पिरिट नाव त्याचं, तर नमुन्यात पिकाला रोग करणारे एर्विनिया जातीचे जिवाणू सापडले म्हणून जहाज परत लावलं, आणि वर ६७ लाख डॉलर द्यावे लागले ते लागलेच. नोव्हेंबरात आपल्या हवाई दलाच्या विमानानं नॅनो युरियाच्या बाटल्या पोचल्या. खत विमानानं जायची वेळ आली म्हणजे समज.

मी तोवर परत आलो होतो, पण तिथला एक जुना सहकारी व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा. खालची पानं पिवळी, मग मधली. एका फोटोत त्यानं एक चूड उपटून जमिनीवर पसरून ठेवलेली, फुटवे मोजायला. सहा. मागल्या वर्षी त्याच बांधीत चौदा-पंधरा असायचे. खाली एवढंच लिहिलेलं, ‘सर, सिक्स.’ बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठवली पण तोवर महाची पेरणी होऊन गेलेली, खत बाजारात यायला अजून वेळ, आणि आलं तेव्हा किंमत कितीतरी पट. त्या महा हंगामाचं भात आधीच्या वर्षापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलं. जानेवारी २०२२ ला सरकारनं शेतकऱ्यांना नुकसानभरपाई जाहीर केली, तांदूळ बाहेरून मागवावा लागला, एप्रिलमध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले आणि सप्टेंबरात अन्नाची महागाई ९० टक्क्यांच्या वर. सगळं खतामुळं झालं असं नव्हे, कर्ज आधीचंच होतं. पण जो देश भाताच्या बाबतीत निवांत होता तो दीड वर्षात तांदळासाठी हात पसरायला लागला, हे खतामुळं.

आपण काय फार शहाणे असं समजू नकोस. भारतात पोटॅश जवळपास सगळं बाहेरचं, डीएपी खताचं मोठं प्रमाण बाहेरचं, आणि युरिया इथं बनतो त्याला लागणारा गॅस बराचसा बाहेरचा. जूनमध्ये गावच्या शेती सोसायटीपुढं डीएपीची रांग लागते तेव्हा लोक सेक्रेटरीला शिव्या घालतात, त्या बिचाऱ्याच्या हातात काय असतं? आणि बेळगावजवळच्या कडोली भागातला बटाटा घे. बटाटा आपला, माती आपली, बियाणं जालंधरचं. मी नोकरीत नवीन असताना एका वर्षी एका पुरवठादारानं ट्रक उशिरा पाठवले, वाटेत पाऊस, गोण्या फोडल्या तर निम्मं बियाणं पाणी सुटलेलं, वास मारत होतं. सऱ्या तयार, शेणखत टाकलेलं, बाया कामाला आलेल्या. एक म्हातारा मला म्हणाला, ‘साहेब, आता काय लावू, तुमचा कागद लावू?’ कारण मीच त्याला शिफारसपत्र दिलं होतं. तेव्हापासून कुणी पिकाची टक्केवारी सांगितली की मी पहिल्यांदा विचारतो, बी कुठलं?

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, मॉरिशस. त्यांचा सगळा देश २,०४० चौरस किलोमीटर, आपला बेळगाव जिल्हा एकटा १३,४१५. तिथं आपली मराठी माणसं पण आहेत, कोकणातून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांची पोरंबाळं. लागवडीची बहुतेक जमीन उसाखाली, तांदूळ-गहू सगळा बाहेरून, खायच्या एकूण मालातला मोठा हिस्सा आयातीचा. मग ते उपाशी का मेले नाहीत? कारण १९७५ पासून युरोपशी साखरेचा करार होता, ठरलेला कोटा, ठरलेला चढा भाव, साखर विकायची आणि तांदूळ घ्यायचा. तांदूळ-पीठ सरकारी व्यापार महामंडळ आणतं आणि सवलतीत विकतं. वर उसाच्या दोन ओळींमधल्या जागेत बटाटा लावतात, हे मला फार आवडतं, आपल्याकडं पण उसात आंतरपीक घेतात पण तिथं जमीनच नाही म्हटल्यावर ते धोरण म्हणूनच वाढवलं. मग २००६ पासून युरोपनं साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के कापला आणि २००९ ला करार संपला. तोवर त्यांनी कापड, पर्यटन, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज असे दुसरे पाय टाकून ठेवले होते म्हणून निभावलं. कोविडात पर्यटन बंद पडल्यावर पुन्हा घाम फुटला, ते वेगळं.

हे वाचताना तुला आपल्या जिल्ह्यातलं उसाचं रायबाग-अथणी-चिकोडी दिसलं असेल तर बरोबर आहे. कारखान्याचं बिल आलं की ज्वारी विकत आणू, हाच हिशोब. बिल वेळेवर आलं तर ठीक. आणि पाणी देऊन-देऊन कृष्णाकाठच्या किती जमिनी क्षारपड झाल्या ते बघून ये एकदा. देशाचं पण असंच, एका मालावर कमवून दुसरा विकत घेणं हे पाप नाही, पण एकच माल आणि एकच गिऱ्हाईक असलं की मान त्याच्या हातात.

पैसा असला तरी तांदूळ मिळतोच असं नाही, हे तर तू स्वतः बघितलायस. २०२३ ला आपल्या कर्नाटक सरकारनं अन्नभाग्य या रेशनच्या फुकट तांदळाच्या योजनेत माणशी दहा किलो द्यायचं ठरवलं, किलोला ३४ रुपये मोजायची तयारी, आणि केंद्रानं जूनमध्ये राज्यांना खुल्या विक्रीतला तांदूळ देणं बंद केलं. झालं, पाच किलोच्या बदल्यात माणशी १७० रुपये खात्यावर, जुलैपासून. रेशन दुकानापुढं आमच्या शेजारची म्हातारी म्हणत होती, ‘पैशे काय शिजवूलालाय काय?’ आणि त्याच जुलैच्या २० तारखेला भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, जगाच्या तांदूळ व्यापारात चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा आपला. इथं एका राज्याची ही गत, तर आपल्यावर अवलंबून असलेल्या छोट्या देशांचं काय झालं असेल विचार कर. कांद्याचं पण तेच, २०१९, २०२०, २०२३, आपण दार लावलं की कोलंबो-ढाक्यात भाव पेटतो. आपल्या दृष्टीनं ते ग्राहकहित, त्यांच्या दृष्टीनं शेजाऱ्यानं ऐन पावसात वाट बंद केली.

म्हणून तुझा प्रश्न मूर्खपणाचा नाहीच. शेजाऱ्याच्या दारावर पोट टांगून ठेवू नये हे खरं. फक्त त्याला उत्तर म्हणून स्वतःचं दार बंद करणं, हे श्रीलंकेनं आधीही एकदा करून बघितलंय. १९७० ते ७७, सिरिमावो बंडारनायके यांचं सरकार. मिरची, कांदा, बटाटा यांच्या आयातीवर बंदी. उत्तरेकडच्या जाफन्याच्या शेतकऱ्यांची चांदी झाली, विहिरीच्या पाण्यावर मिरची-कांदा करून लोकांनी घरं बांधली. म्हणजे तू म्हणतोस तसं भाव मिळाला, खोटं नाही. पण दुसऱ्या बाजूला शहरात पावासाठी पहाटे रांगा, तांदूळ एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बंदी, रस्त्यावर चेकपोस्ट. लोक इतके विटले की ७७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला फक्त आठ जागा. आणि नव्या सरकारनं दारं एकदम सताड उघडली, तेव्हा तोच जाफन्याचा मिरचीवाला रस्त्यावर. दोन्ही वेळा मार बसला तो एकदम केल्याचा.

सताड उघडल्याचं सगळ्यात वाईट उदाहरण हैती. ऐंशीच्या दशकात तांदूळ बहुतेक घरचा खाणारा देश, १९९५ ला आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं, अमेरिकेचा सबसिडीवाला तांदूळ आला आणि तिथला भातशेतकरी संपला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २०१० मध्ये स्वतः कबूल केलं की ती चूक होती.

मग मधला मार्ग काय? मला विचारशील तर सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे हंगामी शुल्क. घरचं पीक काढणीला आलं की आयातीवर कर वाढवायचा, माल संपत आला की उतरवायचा. श्रीलंकेत बटाटा-कांद्यावर असा विशेष कर आहे. कागदावर उत्तम. पण तिथं तो रातोरात बदलायचा, उद्या कर वाढणार हे ज्याला आज कळतं त्याची जहाजं आदल्या रात्री खाली होतात, शेतकऱ्याला कळतं ते भाव पडल्यावर. तारखा पेरणीच्या आधी जाहीर केल्या आणि पाळल्या तर या एका गोष्टीनं निम्मं काम होईल. ते कुणी करत नाही, कारण मग मंत्र्याच्या हातात काय उरलं?

बाकी राहिली कणगी. सिंगापूर एक दाणा भात पिकवत नाही, पण तिथल्या तांदूळ आयातदाराला महिन्याच्या आयातीच्या दुप्पट साठा सरकारी गोदामात ठेवावाच लागतो, त्याशिवाय परवाना नाही. याउलट आफ्रिकेतला मलावी, गरीब देश, मक्यावर जगणारा, त्यांनी राखीव मका साठवणीचा खर्च आणि कर्ज परवडत नाही म्हणून विकून टाकला, आणि २००२ ला उपासमार आली तेव्हा गोदामं रिकामी. साठा ठेवणं महाग आहे हे खरं आहे रे, मी गोदाम सांभाळलंय, भुंगा, उंदीर, ओल, चोरी, सगळं बघितलंय. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे तांदूळ न साठवता भात साठवायचं, टरफल अंगावर असलं की सोंडे किडा लवकर लागत नाही, ओलावा मात्र १३-१४ टक्क्यांच्या आत पाहिजे. मीटर नसेल तर दाणा दाताखाली धर, कटकन तुटला तर भर, चेपला तर अजून दोन ऊन दे. आणि दर वर्षी जुनं काढून नवं भरायचं, नाहीतर पाच वर्षांनी गोदामात धान्य नाही, पीठ निघतं.

तर परीक्षेत लिहायचं झालं तर असं लिही. सगळं घरी पिकवू नका, मुख्य धान्याचा मोठा भाग घरी, त्याचं बियाणं शंभर टक्के घरी, खताचा दोन हंगामांचा साठा आणि दोन-तीन देशांशी करार, तीन महिन्यांचं भात कणगीत. सेंद्रिय करायचं असेल तर दहा वर्षं घ्या, दहा म्हणजे दहा. आणि शेतकऱ्याच्या हातात काढणीच्या वेळी रोख पैसा, हे शेवटचं परीक्षक वाचेल की नाही माहीत नाही पण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

कसं, ते आमच्याच घरात बघ. थोरल्या भावाचं अजून दोन एकर भात आहे, इंद्रायणी चांगली येते. दिवाळीच्या तोंडावर मळणी, सोसायटीचं कर्ज, पोरीची फी, त्यामुळं भात ओलंच व्यापाऱ्याच्या ट्रॉलीत, ओलाव्याची तूट धरून जो भाव देईल तो. आणि जूनमध्ये वैनी रविवार पेठेतनं पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं आणते, नोव्हेंबरात विकलेल्या भाताच्या दुपटीहून जास्त दरानं. कणगी अजून आहे माडीवर. तिच्यात खताची रिकामी पोती घड्या घालून ठेवलीत.